घडी बदललीस का न्हाय?

आत्या गेल्याची तार आली आणि, खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा रागच आला. आठ दिवसांपूर्वी तिनं पत्रातून दटावलं होतं, "दसरा झाला. शालूची घडी बदललीस का न्हाय?" उत्तर द्यायचं राहूनच गेलं, आणि त्याआधीच ही निघून गेली...

राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत आमची सुलभाआत्या लग्नातले जुने शालू दुरुस्त करायची. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहून घडीवर चिरलेले, जर काळवंडलेले. आजीचा शालू नातीला नेसवायचा म्हणून पार गारगोटीपासून बायका यायच्या. एका कापडवाल्यानं तोंडावर सांगितलं, "बाई, यात आता काय राहिलं न्हाय." आत्या म्हणाली, "तुम्ही नवं विका की पावणं, जुन्याचं मी बघतो!" पुढं तोच शालू नेसून नवरी त्याच्या दुकानावरनं वरातीत गेली. असा आत्याचा तोरा, आणि तो तिला शोभायचा. नियम एकच: वस्त्राचं भोक त्याच वस्त्राच्या धाग्यानं भरायचं. निऱ्यांत झाकणाऱ्या आतल्या टोकाचे धागे काढून ती पदर विणायची.

माझी आई मी लहान असतानाच गेली. आई आणि आत्या, नणंद-भावजय, दोघींची लग्नं एकाच मांडवात झालेली, शालूही एकाच मागावरचे. माझ्या लग्नात मला आईचाच शालू नेसायचा होता. हौस दांडगी, म्हणून कोळशाची इस्त्री मीच फिरवली... पदर मधोमध तळहाताएवढा जळाला. आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं मला. आत्यानं आधी शिव्यांची लाखोली वाहिली. मग पदर निरखत म्हणाली, "रेशीम गावंल आतल्या टोकाला. पदराची जर कुठनं आणू गं?" जळक्या कडेवरनं बोट फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, "लगीन हाय का मयत? डोळे पूस. बघतो की मी."

हळदीच्या दिवशी शालू माझ्यापुढं टाकला. "कुठं भरलंय, हुडकून दाखव!" उजेडात धरला, उलटा केला, काही दिसेना. आत्या खदाखदा हसली.

दोन वर्षांनी तिच्या मुलाचं लग्न झालं. सुनेला सासूचा शालू मिळणार म्हणून सगळे वाट बघत होते. आत्या म्हणाली, "उंदरानं खाल्ला." मग काय, भाऊबंदांना आयतंच मिळालं! दिव्याखाली अंधार म्हणत वर्षानुवर्षं चिडवलं तिला. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी आत्या, यावर मात्र मान खाली घालून वाढायला उठायची. मीसुद्धा हसले होते एकदा.

तेराव्याला तिच्या सुनेनं ट्रंक उघडली. तळाशी तो शालू होता. पदराच्या मधोमध तळहाताएवढा चौकोन नव्हता. कात्रीनं सरळ कापलेला, कडा बारीक टाक्यांनी शिवलेल्या. सून माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "हे उंदराचं काम न्हाय, वन्सं."

मला रडूही आलं आणि ऊरही भरून आला. जेवायला बसलेल्या सगळ्या भाऊबंदांपुढं मी तो पदर उलगडला. "बघा," म्हटलं, "असा होता तो उंदीर!" 

सुनेनं तो शालू मलाच दिला. आता दोन्ही एकाच ट्रंकेत आहेत. काल दोन्ही उन्हाच्या तिरिपेत पसरले. आईच्या पदरावर बोटं फिरवून पुन्हा हुडकलं, नाहीच सापडलं. मग नव्यानं घातल्या दोन्हीच्या घड्या.

बदलली गं आत्या, घडी.