लिफ्टखालची दोन मिनिटं

सदर इसम, वय छप्पन्न, व्यवसाय लिफ्ट-दुरुस्ती, धर्म ख्रिस्ती, बांधा मध्यम, वरिष्ठांशी वर्तन समाधानकारक, व्यसन आढळले नाही. सबब सुपरवायझरच्या पदासाठी विचाराधीन. सदर इसम प्रत्येक तपासणीत लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरतो, टॉर्च बंद करतो आणि दोन मिनिटं देवाशी बोलतो.

पंचवीस वर्षांपूर्वी अशाच एका खड्ड्यात त्याला प्रभू शेजारी उभा असल्यासारखं वाटलं होतं. तेव्हापासून आधी प्रार्थना, मग दोर, मग ब्रेक, शेवटी लिफ्ट तपासल्याच्या दाखल्यावर सही, हा क्रम ठरून गेला. पण गेली दोन वर्षं खाली ग्रीसच्या वासाखेरीज काही भेटत नव्हतं. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, मीही तुमच्याशी तासन् तास बोलते. तुम्ही तरी कुठे ओ देता? म्हणून काय तुम्ही घरात नसता?"

तो उतरत राहिला.

नव्या इस्पितळाचं उद्घाटन पाचला होतं आणि लिफ्टची तपासणी संपायला सहा वाजणार होते. मॅनेजरने दाखला पुढे सरकवला.

"मामा, कोरी करकरीत लिफ्ट आहे. सही ठोका. तुमची शिफारस आजच पाठवायचीय मला."

"अजून खाली उतरलो नाही, साहेब."

"खाली काय ठेवलंय?"

प्रश्न रास्त होता. खाली काही नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? शिवाय कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना खुर्ची हवीच होती. त्याने पेन उघडलं, कागदावर टेकवलं, आणि ते तिथेच राहिलं. अंगावर काटा आला नाही की आवाज ऐकू आला नाही. शेजारी कोणी उभं असताना खोटं लिहायची लाज वाटावी, तेवढंच वाटलं. मॅनेजर तर टेबलापलीकडे बसला होता. दोन वर्षं ज्याला तो खड्ड्यात शोधत होता, तो बहुधा केव्हाच वर येऊन उभा राहिला होता.

त्याने टोपण लावलं. "सहा वाजतील, साहेब."

"मग खुर्ची दुसऱ्याला जाईल, मामा."

"जाऊ दे."

पाहुणे धापा टाकत पाच मजले जिन्याने चढले. खाली त्याने टॉर्च बंद केला. आजही काही जाणवलं नाही. "आलोय," एवढंच म्हणून त्याने दोर तपासायला घेतले.

सुपरवायझर दुसरा झाला. लिफ्टमध्ये कोणताही दोष सापडला नाही.