पाण्यात ठेवायची कवळी

वरची कवळी सोनाबाईंच्या तोंडात टेकवली की उजवीकडून उचलली जायची. बोटानं दाबली की डावीकडून. हिरडीला दोन ठिकाणी जखमा झाल्या होत्या. तीन महिन्यांपूर्वी हीच कवळी मी स्वतः बसवली होती आणि तेव्हा ती चपखल बसली होती.

"मावशी, रात्री पाण्यात ठेवत होता ना?"

"न्हाई बाई."

"का? मी सांगितलं होतं. कागदावर लिहूनसुद्धा दिलं होतं."

"दिलं व्हतं की."

माझं डोकं फिरलं. मला राग लवकर येतो, आणि तेव्हा तर मी नोकरीत नवी होते. साठीची ही बाई चाकूरकडच्या खेड्यातून एसटीनं चार हेलपाटे घालून आली होती. मापं घेतली, मेणाची ट्रायल झाली, टेक्निशियननं जीव ओतून दात लावले. आणि बाईसाहेबांनी कवळी वाळत घातली!

कवळी अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकची असते. ओली राहिली तर आकार धरते. रोज कोरडी पडली, वर उन्हात तापली, की वाकते. डोळ्यांना दिसत नाही, पण हिरडीला लगेच कळतं.

आता ही कवळी आली कुठून, ते सांगायला हवं. लातूर जिल्हा नुकताच उस्मानाबादपासून वेगळा झाला होता. रुग्णालयात दातांची खुर्ची आली, मी आले, सरकारच्या मोफत कवळीच्या योजनेचं पत्रही आलं. नियमावली मात्र जुन्या जिल्ह्यातच राहिली. योजनेत काय बसतं, कोण बसतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारायला आलेल्या म्हाताऱ्यांना आम्ही "पुढच्या महिन्यात या" म्हणून परत पाठवत होतो.

शेवटी आमचे हेडक्लार्क कादरीसाहेब स्वतः एसटीत बसून गेले आणि दोन दिवसांत नियमावली हातानं उतरवून घेऊन आले. निजामाच्या राजवटीत उर्दूत शिकलेला माणूस, पण मराठी अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. मी ती सरकारी भाषा तीनदा वाचली तरी डोक्यात शिरेना. त्यांनी चहा संपायच्या आत समजावली.

"मॅडम, तीनच सवाल विचारायचे. एक, माणूस जिल्ह्याचा रहिवासी आहे का? दोन, त्याला नोकरीचं, पेन्शनचं, विम्याचं, कसलं छत्र आहे का? ते नसायला पाहिजे. तीन, दात नसल्यानं खाणं होत नाही का? हे जुळलं की कवळी मोफत. चेहरा बरा दिसावा म्हणून नाही, खायला म्हणून."

सोनाबाईंच्या तलाठ्याच्या दाखल्यावर शिक्का उस्मानाबाद जिल्ह्याचा होता. मी तो परत करायला निघाले होते. कादरीसाहेब म्हणाले, "गाव जागचं हललं नाही मॅडम. नवा शिक्का यायचा राहिलाय, त्यात या बाईचा काय कसूर?" दाखला चालला. नवीन जिल्ह्यातली पहिली कवळी सोनाबाईंना मिळाली.

पण नियमावलीत चौथं कलम होतं. कवळी एकदाच मिळेल. रुग्णाच्या निष्काळजीपणानं बिघडली तर दुसरी नाही. चूक रुग्णालयाची असेल तरच दुसरी.

मी फॉर्म पुढं ओढला. 'बिघाडाचे कारण' या रकान्यात 'रुग्णाचा नि' एवढं लिहूनही झालं. कादरीसाहेब फायली घेऊन शेजारीच उभे होते.

"मॅडम, का नाही ठेवली पाण्यात, ते विचारलंत?"

नव्हतं विचारलं. मग विचारलं.

सोनाबाई शांतपणे म्हणाल्या, "बाई, टँकर दोन दिसाआड येतो. गावभर फिरून आमच्या वस्तीत शेवटाला. घरटी दोन घागरी. घरात सहा माणसं आन एक शेळी. पयल्या राती ठिवलं की वाटीभर पाणी दातांस्नी. पहाटं शेळी वरडाया लागली. काय करू? पाजलं तिला. मंग दातं डबीत ठिवली."

"आणि कामावर?"

"खडी फोडताना धुरळा जातो तोंडात. काढून डबीत घालायची. डबी तिथंच, दगडावर."

रोजगार हमीचं काम, भर उन्हाळा आणि तापलेल्या दगडावर पत्र्याची डबी! कवळी वाकली नसती तरच नवल. पण मला त्या क्षणी कवळीपेक्षा माझाच कागद आठवत होता. 'कवळी रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवावी.' मी नांदेडची, गोदावरीच्या काठची. नळ सोडला की पाणी येतं, यापलीकडं पाण्याचा विचार मी जन्मात केला नव्हता. दुष्काळ सुरू असताना मी हा कागद लिहिला होता. मला मनापासून लाज वाटली.

मी 'रुग्णाचा नि' खोडलं आणि लिहिलं: 'रुग्णालयाने दिलेली सूचना रुग्णाला पाळता येण्यासारखी नव्हती.' खाली माझी सही केली.

कादरीसाहेबांनी ते दोनदा वाचलं. "बराबर लिहिलंत. आता साहेब काय म्हणतात बघू."

साहेब म्हणजे सिव्हिल सर्जन. माणूस वाईट नव्हता, पण वरून येणाऱ्या पत्रांनी गांजलेला. मी आणि कादरीसाहेब त्यांच्या केबिनमध्ये गेलो. सोनाबाई दाराशी थांबल्या.

"म्हणजे चूक आपली?"

"माझी, सर."

"मॅडम, वरून आधीच विचारणा झालीय, टंचाईच्या साली कवळ्या कशाला म्हणून. पहिलीच कवळी तीन महिन्यांत गेली हे कळलं, तर योजनाच गुंडाळतील. तुमच्या यादीतल्या बाकीच्यांनाही मिळणार नाही. आणि मला सांगा, दुष्काळात माणसाला भाकरी लागते की दात?"

मी तोंड उघडायच्या आत दारातून उत्तर आलं.

"साहेब, चांगल्या सालात म्या दात मागाया आले न्हाई. दूध व्हतं, वरण व्हतं. भाकर कुस्करली की गिळता यायची. औंदा म्हस इकली. वरणाला पाणी न्हाई. कोरडी भाकर हाय, ती चावावीच लागती. न्हाई चावली तर अंगात जोर कुठला? आन जोर न्हाई तर खडी कोण फोडंल?"

मी दातांची डॉक्टर, पाच वर्षं कॉलेजात घालवलेली, पण दुष्काळ आणि दात यांचा असा संबंध माझ्या डोक्यात आला नव्हता. सोनाबाईंनी तो उभ्या उभ्या सांगितला.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "ठीक आहे. दुसरी द्या. एका महिन्यानं मला दाखवा. पण या वेळी ठेवणार कशात? पाणी काही वाढलेलं नाही."

प्रश्न रास्त होता. मी सोनाबाईंकडं वळले. "मावशी, तुम्हीच सांगा. पाणी खर्च न करता ओली कशी राहील?"

त्यांनी मलाच विचारलं, "बुडवायाच पाहिजे का, का निस्ती वली चालंल?"

"नुसती ओली चालेल."

"मंग सोपं हाय. माठ झिरपतोच की रातभर. त्याच्या बुडाशी फडकं गुंडाळते, ते आपसूक भिजतं. दातं त्या फडक्यात. माठातलं पाणी माठातच."

इतकं सोपं. माझ्या क्वार्टरमध्येही माठ होता. त्याच्या ओल्या बुडाकडं मी रोज बघत होते आणि फरशी ओली होते म्हणून कुरकुरत होते.

पुन्हा मापं घेतली, पुन्हा ट्रायल झाली. नवी कवळी घेऊन सोनाबाई गेल्या. तो महिना मी तारखा मोजत काढला. कवळी पुन्हा वाकली असती, तर यादीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना 'नाही' सांगायची पाळी माझ्यावर आली असती.

ठरल्या दिवशी त्या सकाळच्या गाडीनं आल्या. "जयभीम बाई," म्हणून खुर्चीवर बसल्या. मी कवळी दाबून पाहिली, ओढून पाहिली. हलेना. हिरडी साफ, एक ओरखडा नाही. फडकी दोन केली होती, एक माठाला आणि एक धुऊन वाळत. कामावर जाताना डबीतही ओलं फडकं, आणि डबी दगडावर नाही, झाडाच्या फांदीला टांगलेली. ही पुढची भर त्यांची त्यांनीच घातली होती. तपासणी झाल्यावर बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी पदरात बांधलेली भाकरी सोडली आणि कांद्याबरोबर करकर चावून खाल्ली. साहेब दारात उभे राहून बघत होते. त्यांना आणखी काही दाखवावं लागलं नाही.

मी सूचनांचा कागद नव्यानं लिहिला, माठ आणि फडक्यासकट. सायक्लोस्टाइल करून प्रत्येक कवळीबरोबर दिला. एक प्रत रिवाजाप्रमाणं वर गेली. उलट पत्र आलं: 'सदर पद्धत कोणत्या तज्ज्ञाने सुचविली? नाव, शिक्षण व अनुभव कळवावा.'

मला हसू आलं. कादरीसाहेब मात्र गंभीर होते. त्यांनी दौत पुढं ओढली आणि त्या सुंदर अक्षरात उत्तर लिहिलं. नाव: सोनाबाई, मुक्काम अमुक, चाकूरजवळ, जिल्हा लातूर. शिक्षण: नाही. अनुभव: दोन घागरी पाण्यात सहा माणसांचा संसार.

मी सही केली. त्या पत्राला काही उत्तर आलं नाही. योजनाही बंद झाली नाही.

पुढं बदल्या झाल्या, निवृत्तही झाले. पण त्या वर्षापासून माझ्या केसपेपरवर वयाच्या खाली मी स्वतःच्या हातानं एक रकाना आखत आले. घरी पाणी कुठून येतं? तो भरल्याशिवाय कुणाला सूचना दिली नाही.