होल्डवरची स्कॉच

आमच्या घरात स्कॉचचा परीक्षक मी एकटाच आहे, कारण आमच्या घरात मी एकटाच आहे.

बायको, सुमन, गेली त्याला दोन वर्षं झाली. मुलगा निखिल जर्मनीत. दर रविवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, बरं ठेवतो! दीड मिनिटात मी पुन्हा भिंतीकडं बघायला मोकळा. उन्हाळ्यात आला तेव्हा विमानतळावरून एक स्वस्तातली स्कॉच घेऊन आला आणि जाताना म्हणाला, "अण्णा, चाखून सांगा. बरी असली तर दिवाळीला सगळ्या काकांना हीच आणतो."

आता हे त्यानं कुणाला सांगावं? मी चितेगावच्या एका कंपनीत एकतीस वर्षं आलेला माल तपासला. आमच्याकडं चिठ्ठ्या तीन: हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे नापास आणि पिवळी म्हणजे होल्ड, तपासणी चालू. (पिवळ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा निवृत्तीच्या दिवशी चुकून माझ्या पिशवीत आला.) मी बाटलीला पिवळी चिकटवली.

पहिल्या रविवारी सांगितलं, धुराचा वास येतोय, चव गुळमट हाय. निखिल हरखला. कसला धूर, पाणी किती घातलं, ग्लास कुठला, पंचवीस मिनिटं बोलला! गोळीचं विचारायचंच विसरला. शेवटी म्हणाला, मग पास का? पास म्हटलं की पुन्हा दीड मिनिट. मी म्हटलं, "होल्ड."

मग दर रविवारी नवा शेरा. एकदा मनुक्यांचा वास, एकदा ओल्या लाकडाचा. पण तपासणीत थोडा थोडा माल खर्ची पडतोच. पोळ्याला बाटली रिकामी झाली. मी कोरा चहा उकळला, गाळला, गार केला आणि बाटलीत भरला. रंग असा जमला की निखिल म्हणाला, कॅमेऱ्यात लई भारी दिसतीय. तेव्हापासून दर रविवारी सकाळी ताजा माल भरायचो.

दिवाळीत निखिल न कळवता दारात उभा! हातात त्याच स्कॉचच्या दोन नव्या बाटल्या. मी पाणी आणायला आत गेलो, तोवर त्यानं जुनीतली ओतून घोट घेतलाही.

"अण्णा, हा चहा हाय."

"व्हय. पोळ्यापासून."

"मग दसऱ्याला दालचिनीची चव लागली म्हणलात ती?"

"ती खरी होती. मीच टाकली होती."

तो हसला नाय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "तू लवकर फोन ठेवतोस रे. मग घर लई मोठं वाटतं."

त्यानं ग्लासातला चहा संपवला, ड्रॉवरमधून पिवळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि दोन्ही नव्या बाटल्यांना चिकटवल्या. काकांना त्या वर्षी सोनपापडीच मिळाली.

आता दर रविवारी तासभर तपासणी चालते. बाटल्या अजून सीलबंद आहेत. तो तिकडं चहा करतो, मी इकडं, आणि कॅमेऱ्यासमोर बसून पितो. जाताना माझ्या चहापत्तीचा पुडा तो घेऊन गेला होता, घरी करून बघायला. एकतीस वर्षं लोकांचा माल नापास करणाऱ्या माझा चहा त्यानं पहिल्याच रविवारी नापास केला.