आबांचा बांध

आबा एकाच प्रश्नाचे उत्तर दोनदा देत नसत. दुसऱ्यांदा विचारणाऱ्याकडे क्षणभर पाहत आणि संगणकाच्या पडद्याकडे वळत. "एकदा इचारायचं, मिळालं ते हातात धरायचं. परत इचारलं की तवर जग बदललेलं असतंय," असे म्हणत. जळोचीच्या आमच्या लहानशा कचेरीत मला प्रथम तो उद्धटपणा वाटला. पुढे कळले, की ते स्वतः लिहीत त्या कर्नलच्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या, कोडविषयी बोलत होते. दोन प्रोसेसर एकच आकडा हाताळतात, तेव्हा तो एकदाच आणि अखंड वाचावा लागतो.

साखर कारखान्यात उसाची ट्रॉली उचलून गव्हाणीत रिती करणाऱ्या यंत्राचे नियंत्रण आम्ही करत असू. त्यात एक प्रोसेसर 'ट्रॉलीपाशी माणूस आहे' ही नोंद लिही आणि मग 'नोंद ताजी आहे' अशी खूण करी. दुसरा ती खूण पाहून नोंद वाची. पण वेगाच्या हव्यासाने प्रोसेसर कामांचा क्रम परस्पर बदलतात. मग खूण ताजी आणि नोंद शिळी, असे होऊ शकते; माणूस उभा असूनही यंत्राला तो कळत नाही. ते रोखणारी ओळ म्हणजे मेमरी बॅरिअर. आबा तिला बांध म्हणत. लिहिणाऱ्याकडे एक, वाचणाऱ्याकडे एक. प्रत्येकावर टीप, की याच्या जोडीचा बांध कुठे आहे. "जोडीबिगर बांध म्हंजी नुसता मातीचा ढीग, मास्तर." मी तंत्रनिकेतनातून निवृत्त होऊन तिथे चाचणीप्रमुख झालो होतो, म्हणून मास्तर.

नव्या संचालकांनी वाचणाऱ्याकडचा बांध काढला.

"आबा, आठवडाभर चालवून पाहिलं. काही बिघडलं नाही. करते काय ही ओळ?"

"पाऊस न्हाय तवर बांध काय करतुय? काय बी न्हाय."

"तुमचं निरवांगीचं शेत इथे आणू नका."

"आमचा शेजारी बी आसंच नांगराचं एकेक तास घालून बांध कोरतुय, सायेब. आन् वर म्हणतुय, हितं बांध हुताच कुठं?"

सगळे हसले. संचालकही हसले. ओळ गेली ती गेलीच.

या बदलाच्या मंजुरीच्या कागदावर आबांनी सही केली नाही. "एक सही पुरेल," असे म्हणून संचालकांनी तो माझ्यापुढे सरकवला.

"मास्तर, तुमाला कळतंय न्हवं?" आबांनी विचारले.

"कळतंय. पण चाचणीत दिसत नाही."

त्यांनी पुन्हा विचारले नाही. डबा उचलला आणि नोकरी सोडून निरवांगीला निघून गेले. मी सही केली.

हंगाम सुरू झाला. एक ड्रायव्हर साखळी अडकवत असताना ट्रॉली उचलली गेली. उजवा हात मनगटापासून गेला. बैठकीत संचालक म्हणाले, "ड्रायव्हरची हयगय." यंत्राने टिपलेल्या क्रमाचा कागद मी त्यांच्यापुढे आपटला: खूण ताजी, नोंद शिळी. आयुष्यभर वर्गात जो आवाज कधी चढवला नाही, तो त्या दिवशी चढवला. फार उशिरा चढवला. संचालकांवरचा माझा संताप आजही शमलेला नाही. त्या कागदावरची सही मात्र माझी आहे.

बांध मी स्वतः पुन्हा घातला, आबांच्या टिपेसकट, आणि निरवांगीला गेलो. ते अंगणात उभे होते. बसा म्हणाले नाहीत.

"आबा, बांध घातला."

"जोडीचा?"

"शाबूत आहे."

"आन् त्या ड्रायव्हरचा हात?"

मी विचारले, "परत याल?"

"न्हाय."

मी दुसऱ्यांदा विचारले नाही.