सीताफळाला पराग लावणारी केराआत्या

आमची केराआत्या मोहोळजवळ रामहरीअण्णाच्या सीताफळाच्या बागंत कामाला जायची. काम काय, तर किड्याचं. सीताफळाच्या एकाच फुलात नर बी असतो आन् मादी बी, पण दोघांची येळ जुळत न्हाय. सकाळी फूल जरासं उघडतंय तवा ते मादी असतंय, पराग सोडतंय ते मागनं. बारीक काळं किडं एका फुलातला पराग दुसऱ्यात नेत्यात, तवा फळ धरतंय. अण्णाच्या बागंत औषधं मारून मारून किडंच कमी झालं. मग आत्या डबीतला पराग ब्रशनं एकेका फुलाला लावायची. ब्रशचं टोक ओठात धरून वलं करायची, म्हंजी पराग चिकटतो. समद्याच बाया तसं करत्यात.

त्या सकाळी टेम्पोतनं उतरल्या उतरल्या तिच्या सुनंला, महादेवीला, उग्र वास आला. बागंत एक पाखरू बोलत नव्हतं.

"आत्याबाई, हितं कायतरी मारलंय. माघारी चला."

अण्णा बांधावरच हुबा व्हता. "काल सांजंला मारलंय गं, पिठ्या ढेकणाला. वाळलंय की आता."

वाळलंय कुटलं, दवानं पानं वली व्हती.

"उद्या येतो, अण्णा."

"उद्यापतुर फुलं थांबत्यात व्हय? केराबाई, लई नाजूक हाय बया तुजी सून."

"नाजूक न्हाय ओ, आळशी हाय," आत्या हसली आन् पदर खोचून आत शिरली. तिच्या हातचं फळ गोल यायचं, त्याचा तिला लई तोरा. फूल वाया गेलं की तिच्या जिवाला लागायचं.

पयल्याच फुलात मेलेला किडा घावला. दुसऱ्यात दोन. "बघ गं, आल्तं की बिचारं," म्हणत तिनं नखानं काढलं आन् ब्रश ओठात धरला.

न्याहारीच्या आधीच तिला घाम फुटला. लाळ पुसली तरी थांबंना.

"महादे, आभाळ आलंय का गं? मला फुलं दिसंनात."

वर लख्ख ऊन व्हतं.

अण्णाच्या गाडीतनं सोलापूरला नेलं. सात रस्त्याच्या चौकात गर्दीत गाडी हलंना, आत्याच्या छातीत नुसती घरघर. दवाखान्यात डॉक्टरणीनं डोळं उघडून बघितलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"औषध प्यायल्यात. घरात भांडण झालं का?"

"पेली न्हाय ओ! कामाला गेलती! अण्णा, काय मारलं त्येचं नाव सांगा की!"

अण्णा भिंतीकडं बघत म्हणला, "त्येंच्या घरातलं आमाला काय ठावं?"

सांजंला आत्या गेली. वस्तीवर बाया अजून म्हणत्यात, सुनंनं छळलं म्हणून केराबाई औषध पेली. आन् दुसऱ्या सकाळी नवी फुलं उघडली तवा त्याच बाया टेम्पोत बसून अण्णाच्या बागंत गेल्या.