याडीच्या पायरीवर भेटलेली नवरी

देशाच्या सीमेवर मी आजवर कधीच निर्धास्त उभी राहिलेली नाही. माझा नवरा पीटर बेल्जियमचा. विमानतळावर तो पासपोर्ट नुसता दाखवतो आणि पुढे जातो. मी मागे राहते आणि काचेपलीकडचा माणूस माझ्या तोंडाकडे आणि फोटोकडे आळीपाळीने बघत बसतो. युरोपचा नियम असा की तिथल्या नागरिकाची बायको त्याच्यासोबत किंवा त्याच्याकडे दुसऱ्या युरोपीय देशात जात असेल, तर तिला व्हिसा लवकर आणि थोड्या कागदांवर द्यायचा. गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या देशात जायला मला जास्त कागद लागतात, शेजारच्या देशात कमी. नियम चांगला आहे. पण मी त्याच्या शेजारी उभी असले तर बायको, एकटी असले तर संशयित, हे मी पुरतं ओळखून आहे.

संशय मलाही परका नाही. दारव्ह्याला माझं कृषी केंद्र आहे. बियाण्याची पिशवी हातात आली की मी आधी शिक्का बघते, मग शिवण, मग आणणाऱ्याचं तोंड. पीटर सेंद्रिय कापसाच्या कामासाठी इकडे आला होता आणि पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्यालाही मी असंच तपासलं होतं. आमचं लग्न झालं तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. लग्न आमच्या तांड्यावर, बंजारा रीतीने झालं. नोंदणी नंतर यवतमाळला केली.

मागच्या वर्षी तो बहिणीला भेटायला गेला. त्या देशाचं नाव लिहीत नाही. उद्या पुन्हा तिथलाच व्हिसा मागायची वेळ यायची. तिथे त्याच्या छातीत दुखायला लागलं. बहिणीचा फोन आला की शस्त्रक्रिया करावीच लागेल, पुढच्या आठवड्यात करतील, आणि डॉक्टर फार काही बोलत नाहीत. डॉक्टर फार बोलत नाहीत याचा अर्थ मला कळतो. मला त्याआधी पोचायचं होतं. एवढंच.

यवतमाळच्या एका एजंटाने "ताई, माझी वरपर्यंत ओळख आहे" म्हटलं, तेव्हाच मी खुर्चीवरून उठले. अर्ज मीच भरला. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, नवऱ्याच्या दवाखान्याचं पत्र, सगळं दिलं. वकिलातीतून उलट विचारणा आली: लग्नाचे फोटो पाठवा. पाठवले. आणि तिथेच माझं चुकलं, पण ते चुकलं हे मला त्या वेळी उमगलंही नाही.

आमच्यात नवरी निघते तेव्हा ढावलो म्हणते. ढावलो म्हणजे गाऊन रडणं. एकेका बाईच्या गळ्यात पडायचं आणि माहेरच्या दाराला, पाणवठ्याला, सोबतिणींना सुरात निरोप द्यायचा. ज्या बाईच्या गळ्यात नवरी पडली तिने तिच्या सुरात सूर मिळवायचा, ओळखीची असो वा नसो. चाळिशी उलटली म्हणून मला त्यातून सूट मिळाली नव्हती. उलट तांड्यातल्या बायकांनी "इतकी वर्षं वाचली, आता वसूल करतो" म्हणून मला दुप्पट रडवलं होतं. त्यामुळे माझ्या लग्नाच्या जवळपास प्रत्येक फोटोत मी तोंड वासून रडते आहे आणि मागे पीटर फेटा घालून हसतो आहे. आमच्या दृष्टीने ते फार चांगले फोटो.

वकिलातीतल्या अधिकारी बाईंना ते चांगले वाटले नाहीत. व्हिडिओवर मुलाखत घेऊ, असं त्यांनी कळवलं. मी तेव्हा तांड्यावर आईकडे होते आणि तांड्यात नेटवर्क येत नाही. ते येतं मागच्या टेकडीवर, देवीच्या ठाण्यापाशी. तिला आम्ही याडीच म्हणतो, म्हणजे आईच. घरात आम्ही गोरबोली बोलतो. इथे सगळ्यांना समजेल असं लिहिते. मी चप्पल घालत होते तर आई म्हणाली, "नारळ घेऊन जाय."

"मी नेटवर्कसाठी चालली, आई. दर्शनाले नाही."

"बरं. मंग नेटवर्कले नारळ फोडजो."

नारळ न घेताच मी गेले. मी देव मानत नाही असं नाही. पण त्या दिवशी मला कोणावरच भरवसा ठेवायचा नव्हता, याडीवरसुद्धा. पायरीवर दगडाला टेकवून फोन उभा केला. बाईंचा चेहरा आला. गोऱ्या, चष्मा, माझ्याच वयाच्या. इंग्रजीत विचारत होत्या, सभ्य होत्या, पण प्रत्येक प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न होता. कुठे भेटलात, कोणती भाषा बोलता, तो जेवायला काय मागतो. मग त्या म्हणाल्या, "या एकाही फोटोत तुम्ही हसत नाही. हे लग्न तुमच्या मर्जीने झालं का?"

मी संतापले. रीत आहे म्हणून सांगितलं. माझं बोलणं मलाच खोटं वाटायला लागलं, कारण प्रत्येक खोटारडं गिऱ्हाईक माझ्यापुढे 'आमच्याकडे अशीच रीत आहे' असंच म्हणतो. त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. ती मान मी ओळखली. मीही दुकानात तशीच हलवते, नाही म्हणण्याआधी.

तेवढ्यात टेकडीखाली जीप थांबली. चार-पाच माणसं आणि एक नवरी वर आली. हळद लागलेली, गळ्यात हार, डोक्यावरून पदर. तिने याडीपुढे डोकं टेकवलं, वळली, आणि पायरीवर बसलेली एकुलती एक बाई म्हणून सरळ माझ्या गळ्यात पडली. ढावलो सुरू. मी तिला ढकलत होते. "अवं, थांब ना! फोन चालू हाय माहा!" पण ती कसली ऐकते. तिच्यासोबतचा म्हातारा हात जोडून म्हणाला, "बाई, रागावू नका. माहेरच्या बायकाईची जीप मागं राह्यली. पोरीले रडाले कोनी न्हाई."

माझा पहिला संशय हाच, की मला कोणी मुद्दाम अडवतं आहे. दुसरा, की बाई आता फोन ठेवणार. मी पुन्हा जोर लावला आणि माझे हात ढिले पडले. रीत अंगात असते; तोंडातून सूर निघाला. तिच्या आईच्या जागी मी तिला उत्तर द्यायला लागले, आणि बघता बघता मी तिच्यासाठी रडत नव्हतेच. पीटरच्या बहिणीचा फोन आल्यापासून मी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं.

फोनमधून आवाज आला, "कोणी वारलं का?"

"नाही," मी म्हटलं, "लग्न आहे."

बाई पडद्याजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "त्या मुलीला विचारा, ती मर्जीने जाते आहे का?"

मी विचारलं. नवरीने पदराने नाक पुसलं आणि हसली. "हो तं! पोरगा मीच पसंत केला. पन रडा तं लागतेच ना!" मग फोनमध्ये डोकावून, "हे गोरी बाई कोन व्हय? तिले म्हना, लग्नाले काहून नाही आली?"

मी जसंच्या तसं सांगितलं. बाई पहिल्यांदा हसल्या. नवरी लगेच पुन्हा रडायला लागली, कारण निघायची वेळ झाली होती. जीप गेली. माझं रडणं मात्र थांबेना. बाईंनी हळू विचारलं, "आणि तुम्ही आता कशासाठी रडताय?"

"नवऱ्यासाठी," मी म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

व्हिसा आला. तिथल्या विमानतळावर काचेपलीकडच्या माणसाने विचारलंच, नवरा कुठे आहे? दवाखान्यात, म्हटलं. त्याने पुन्हा एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं आणि शिक्का मारला. पीटरला आत नेण्याआधी मी त्याच्या खाटेपाशी होते. आमच्याकडे राहून शिकलेल्या बोलीत तो म्हणाला, "काहून आली वं? दुकान कोन पाहून राह्यलं?" मी म्हटलं, "कुलूप." तो हसत आत गेला आणि जिवंत बाहेर आला. आता घरी आहे आणि पथ्य पाळत नाही.

परत आल्यावर मी चौकशी केली. माझा स्वभावच तो. नवरी दिग्रसकडच्या तांड्यातली निघाली. माहेरच्या बायकांची जीप दारव्ह्याच्या अलीकडे खरोखर पंक्चर झाली होती. पंक्चर काढणाऱ्यालाही मी विचारून आले. सगळं सरळ, सगळ्याला कारण आहे. त्यात चमत्कार होता असं मी म्हणणार नाही, आणि नव्हता असंही म्हणायला जीभ रेटत नाही.

एवढं खरं की त्या दिवशी माझ्याकडचे सगळे कागद, सगळी उत्तरं संपली होती, आणि जी मदत आली तिला मी दोन्ही हातांनी दूर लोटत होते. लोटायला माझा जोर पुरला नाही. त्या कमी पडलेल्या जोराबद्दल मी याडीची ऋणी आहे.