आठ स्पीकरची हाळी

माझ्या कामात रचना पुऱ्या होत नाहीत, किस्से मात्र आपोआप पुरे होतात. एक सांगायला घेतला की पाठोपाठ दुसरा हजर! अकरा वर्षांत माझी मोठी रचना झाली एकच, आणि किस्से झाले पोतंभर.

मी कॉम्प्युटरवर संगीत रचते आणि शिकवते. भोरला राहते, नसरापूरला क्लास घेते. हसू नका. पुण्यात शिकले, तिथल्या एका स्टुडिओत जाहिरातींसाठी पाच-पाच सेकंदांचे तुकडे केले, वैतागले, सोडलं, परत आले. आल्यावरही क्लासची जागा तीनदा बदलली. "हिला एका जागी बूड टेकून बसता येत नाही," असं आई म्हणते. खोटं नाही ते.

*

माझं सगळं काम हेडफोनवर. म्हणजे घरात आवाज शून्य. शेजारच्या काकूंनी सहा महिने वाट पाहिली आणि एक दिवस आईला विचारलंच, "मुलगी गाणी करते म्हणता, मग ऐकू कशी येत नाहीत कधी?"

आई म्हणाली, "ती कानातल्या कानात करते!"

मला बघायला आलेल्या एका मुलाच्या मामांनी विचारलं, "कॉम्प्युटरवर म्हणजे टायपिंग का?" मी वीस मिनिटं समजावलं. आवाज कसा पकडायचा, कसा कापायचा, कसा ताणायचा, सगळं! मामांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, "बरं, पण टायपिंग येतं ना?"

*

क्लासमधले माझे सगळ्यात हौशी विद्यार्थी म्हणजे जाधवकाका, रिटायर्ड कंडक्टर. मी सगळ्यांना गृहपाठ दिला होता, की तुमच्या रोजच्या आयुष्यातला एक मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून आणा. काकांनी डबल बेल आणायची ठरवली. डबल बेल म्हणजे ड्रायव्हरला 'चला' असा इशारा.

क्लासला येताना बसमध्ये बसून काका मोबाईलवर आपलं काम तपासत होते. आवाज फुल्ल! गाडी किकवीला थांबलेली, तिचा कंडक्टर पाणी प्यायला खाली उतरलेला. टिंग टिंग! गाडी निघाली. बिचारा बाटली हातात घेऊन मागून पळतोय!

लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा गाडी थांबली. ड्रायव्हर उलट त्यालाच म्हणाला, "डबल बेल झाली की गाडी हलणार! मागं कोण हाय, कोण न्हाई, ते बघायचं काम माझं न्हाई!"

काकांनी हे मला सांगितलं ते छाती फुगवून. "मॅडम, आवाज इतका खरा आलाय, की ड्रायव्हर फसला!"

मी पैकीच्या पैकी मार्क दिले.

*

मधल्या काळात एका पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचं गाणं करून दिलं. कार्यकर्ते ऐकायला आले. माना डोलावल्या आणि म्हणाले, "गाणं लई भारी, पण सायबांचं नाव कमी येतंय."

"चौदा वेळा आहे," मी म्हटलं.

"पंचवीस करा."

"अहो, जागाच नाही!"

"मग मधलं संगीत काढा की!"

त्या दिवशी मी चिडून घरी आले आणि माझी ती अर्धवट मोठी रचना पुन्हा उघडली. निदान एकदा तरी ती कुणीतरी पूर्ण ऐकावी, एवढीच माझी इच्छा होती. तिच्यापायी मी पुणं सोडलं होतं.

*

त्या रचनेचं नाव 'हाळी'. वेल्ह्याकडे माझं आजोळ. तिकडे एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावरच्या माणसाला लांब सुरात हाक मारतात, ती हाळी. श्रोते मधोमध बसणार, भोवती आठ स्पीकर आणि हाळी त्यांच्या डोक्यावरून डोंगर ओलांडत जाणार.

रेकॉर्डिंगला गेले तर माझे मामा अडून बसले. "समोर कुणी न्हाई आन् हाळी कुणाला घालू? येड लागलंय का मला?"

शेवटी समोरच्या डोंगरावर त्यांच्या दोस्ताला धाडलं. मामांनी झकास हाळी दिली. पलीकडून ओ आली, पाठोपाठ प्रश्न आला, "काय रं?"

मामा ओरडले, "काय न्हाई! भाची टेप करतीय!"

"कशापायी?"

"म्या तरी काय सांगू!"

मला हवी ती नुसती ओ मिळायला संध्याकाळ झाली.

*

आता आठ स्पीकर आणायचे कुठून? वरवे बुद्रुकच्या बापूंचा मंडप-साऊंडचा धंदा आहे. त्यांना कागदावर गोल काढून दाखवला.

"लोक फुडं तोंड करून बसणार आन् आवाज पाठीमागनं? माणसं घाबरतील, मॅडम!"

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमासाठी घेतलेल्या मंगल कार्यालयात जाऊन बघते तर आठही स्पीकर स्टेजवर, चारावर चार! बापू म्हणाले, "कागदापरमानं आठ हायेत, मोजून घ्या!"

*

ऐकायला पुण्याहून एक ज्येष्ठ संगीतकार येणार होते. त्यांना पटलं तर 'हाळी' पुण्यात मोठ्या हॉलमध्ये वाजणार होती. नाही पटलं, तर अकरा वर्षांचं काम लॅपटॉपमध्ये बंद!

रचनेच्या शेवटी पाच नंबरच्या स्पीकरमधून मामांची हाळी सुटते, मग शांतता, मग सहा नंबरमधून समोरच्या डोंगराची ओ. तिथं रचना संपते. पण ती शांतता किती ठेवावी, हेच मला ठरवता येईना. हाळी झाली की थांबव, दुरुस्त कर, पुन्हा पहिल्यापासून! तीन दिवसांच्या तालमीत बापूंनी हाळी तीस-चाळीस वेळा ऐकली, ओ एकदाही नाही.

"मॅडम," ते वैतागले, "त्यो माणूस कवाधरनं वरडतोय. कुणीतरी बोला की त्याच्याशी!"

कार्यक्रमाला चाळीसेक माणसं आली. पुण्याचे सर मधल्या खुर्चीत डोळे मिटून बसले. सगळं सुरळीत चाललं होतं. एकोणिसाव्या मिनिटाला माझी नजर गेली आणि सहा नंबरचा दिवा विझलेला! बापू त्याच्यामागेच होते. त्यांनी वायर हलवली, पिन काढून घातली, बुक्की मारून पाहिली. स्पीकर ढिम्म.

पाच नंबरमधून हाळी सुटली. मग शांतता. मी सकाळीच ती नऊ सेकंदांची केली होती. मी एकेक सेकंद मोजत होते आणि मला रडू फुटत होतं.

आणि सहा नंबरच्या कोपऱ्यातून ओ आली! लांब, भरदार, अगदी पार डोंगरापलीकडून आल्यासारखी. मेलेल्या स्पीकरमागे बापू उभे होते. दोन्ही हात तोंडाशी, डोळे गच्च मिटलेले, मानेच्या शिरा ताठ.

मग टाळ्या सुरू झाल्या. सर उठून तडक माझ्याकडे आले.

"शेवटची ती ओ! अहो, अंगावर काटा आला. असं रेकॉर्डिंग मी आजवर ऐकलेलं नाही. कुठं केलंत?"

तेवढ्यात बापू वायर गुंडाळत पुढे आले. त्यांचा घसा पार बसला होता.

"हितंच केलं, सायेब," ते म्हणाले.